आखाजीला २३ जणांचा घरचा फोटो काढायचाय, मागच्या वेळी फसला होता

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातली, नोकरीसाठी जळगावला राहते. दिवाळीत साठवलेले पैसे काढून वापरलेला कॅनन १५०० डी घेतला. त्यासोबत १८-५५ ची किट लेन्स मिळाली आणि ५० एमएम, एफ १.८ मी वेगळी घेतली. शिकवायला कोणी नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून जे जमलं तेवढंच येतं.

यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्या चारही फुया माहेरी येणार आहेत (आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात). सुरतचे नाना येतील, पुण्याचे काका येतील. लहान पोरं धरून २३ जण होतात. एवढे सगळे एकाच दिवशी घरात मागे कधी होते, हे विचारलं तर आप्पांनाही सांगता आलं नाही. आजी, म्हणजे आमची मोठी माय, ८० च्या पुढे आहे. आजोबांचा आमच्याकडे एकच फोटो आहे, निवडणुकीच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. त्यात नाक आणि टोपी कळते, डोळे कळत नाहीत. आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरताना माय त्या फोटोकडे बघून हात जोडते तेव्हा मला दरवर्षी वाईट वाटतं. म्हणून यंदाचा फोटो मला नीट काढायचाच आहे.

फेब्रुवारीत चुलतभावाच्या लग्नात मांडवाच्या दिवशी एक प्रयत्न केला होता. नऊ जण होते, चार खुर्चीवर आणि पाच मागे उभे. मी ५० ची लेन्स लावून साधारण सोळा फुटांवरून एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवून काढला, कारण व्हिडिओत सगळे म्हणतात की त्याने फोटो भारी येतो. घरी लॅपटॉपवर पाहिलं तर खुर्चीवरचे लख्ख आणि मागचे पाचही जण पुसट. वर मांडवाचं कापड गुलाबी, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे गुलाबी झाले. आप्पांचा शर्टसुद्धा गुलाबी. त्यांच्या टोपीखाली काळी सावली. मायचे डोळे मिटलेले. त्या दिवशी मी फक्त चार फोटो काढले होते, आणि चारही तसेच.

आमचं घर धाब्याचं (सपाट मातीच्या छताचं) आहे, दार पूर्वेला. पुढे ओटा, मग मोठं अंगण, अंगणाच्या टोकाला निंब, त्यालाच आखाजीचा झोका बांधतात. फोटो निंबाखाली घ्यावा असं सगळ्यांचं मत आहे, कारण दुपारी तिथेच थंडावा असतो. लेन्स कोणती, किती वाजता, माणसं कशी बसवू, फ्लॅश लावू का, जे सुचेल ते सांगा. आणि माय फोटो काढूच देत नाही. कॅमेरा दिसला की म्हणते, "कसाले काढस वं माय, मन्हा फोटू?" तिच्यासाठी काय करू तेही सांगा.

तापीपार

मी चोपड्याचा, हौशीच आहे, पण तुझ्यापेक्षा चार वर्षं पुढे. दोन गोष्टी लगेच सांगतो.

निंबाखाली अजिबात नको. निंबाची सावली अखंड नसते, पानांतून कवडसे पडतात. डोळ्याला ते जाणवत नाहीत, फोटोत मात्र एकाच्या गालावर पांढरा डाग आणि दुसऱ्याच्या कपाळावर काळा. माझ्या बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो असेच गेले. आणि दुपार तर नकोच. एप्रिलअखेर आपल्याकडे पारा ४२-४३ ला असतो, म्हातारी माणसं पाच मिनिटांत थकतात आणि उन्हाने सगळ्यांचे डोळे बारीक होतात.

दुसरं म्हणजे चार फोटो फार कमी झाले. ऑस्ट्रेलियातले निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी यावर गणितच मांडलं होतं, एकाचेही डोळे मिटलेले नसावेत तर किती फोटो काढावेत याचं. २००६ चा इग नोबेल (मजेशीर संशोधनाला देतात तो पुरस्कार) त्यांना त्यावर मिळाला. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीनने भागायचं, उजेड कमी असेल तर दोनने. म्हणजे तुमच्या नऊ जणांना मांडवाच्या उजेडात पाच तरी हवेच होते. तू चार काढलेस, त्यात मायचे डोळे मिटलेच. २३ जणांना तर तो हिशोबही पुरायचा नाही. वीस काढ, पंचवीस काढ, कार्डात जागा आहे.

चाळीसगाव जंक्शन

तांत्रिक बाकीचे सांगतीलच. तुला कधी वेळ मिळाला तर चाळीसगावला ये आणि स्टेशनजवळचं फोटोग्राफर केकी मूस यांचं घर बघून जा. १९१२ चा जन्म, १९८९ ला गेले, आयुष्याची कितीतरी वर्षं त्या एका घराबाहेर न पडता काढली आणि तिथेच फोटो केले. त्यांचं नाव टेबलटॉपसाठी घेतात, म्हणजे घरातल्याच साध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, उजेड हवा तसा वळवायचा आणि त्यातून अख्खं दृश्य उभं करायचं. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा गेलो होतो. तिथून आल्यावर महिनाभर घरी खिडकीजवळ नुसता एक तांब्या ठेवून सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघत होतो, उजेड कुठून येतो आणि कुठे संपतो ते. कॅमेरा घेण्याआधी मला तेवढं येत होतं, आणि आजही माझं बरंचसं काम त्यावरच चालतं. तू पण आखाजीच्या आधी एका रविवारी गावी जा, ओट्यावर कोणाला तरी बसव आणि दर तासाला त्याचा चेहरा बघ.

पारोळ्याचा स्टुडिओवाला

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी १९९४ पासून हेच काम करतो. सुरुवात केली तेव्हा उस्तादांचा यशिका होता, १२० चा रोल, एका रोलमध्ये १२ फोटो. बटण दाबण्याआधी प्रत्येक माणसाकडे बघायची सवय तेव्हा लागली, ती अजून आहे.

आधी तुमचा मांडवाचा फोटो. ५० ची लेन्स, एफ १.८, अंतर सोळा फूट. एवढ्यावर तुमच्या कॅमेऱ्यात फोकसच्या पुढे एक फूट आणि मागे सव्वा फूट एवढंच नीट दिसतं. खुर्चीवरच्या माणसाच्या डोळ्यापासून खुर्चीमागे उभ्या माणसाच्या डोळ्यापर्यंत अडीच-तीन फूट भरतात. मागचे पाच जण पुसट येणारच होते. लेन्स चांगली आहे, काम वेगळं होतं. व्हिडिओतले सांगतात ते एकट्या माणसाच्या फोटोसाठी खरं आहे. घोळक्याला ते लावू नका.

आखाजीला किट लेन्स लावा आणि ती २८ च्या आसपास ठेवा. १८ वर नको, तिथे कडेची माणसं रुंद होतात आणि कडेला नेमक्या जाड फुया उभ्या असतात, त्यांना ते आयुष्यभर आवडत नाही. साधारण पंचवीस फुटांवर उभे राहा, एफ ८ ठेवा म्हणजे लेन्सचं तोंड लहान होतं, फोकस मधल्या रांगेवर, मायच्या डोळ्यावर. पुढच्या पोरांपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं साफ येईल. शटर १/१६० सेकंदापेक्षा हळू होऊ देऊ नका, पोरं हलतात. आयएसओ (कॅमेरा उजेड किती पटकन टिपतो तो आकडा) ४०० पुरेल, नाही पुरला तर ८०० करा. थोडे दाणे आले तरी चालतात. हललेला चेहरा मात्र परत मिळत नाही.

आता जागा. तुमच्या घराचं दार पूर्वेला आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. आखाजीच्या सुमारास आपल्याकडे सूर्य सातच्या जरा आधी मावळतो. साडेपाचला तो घराच्या मागे उतरलेला असतो आणि धाब्याचं घर बारा फूट उंच धरलं तर त्याची सावली अंगणात तीस-पस्तीस फूट येते. अखंड सावली, एक कवडसा नाही. माणसं ओट्यापुढे घराकडे पाठ करून बसली की त्यांच्यासमोर पूर्वेचं सगळं मोकळं आभाळ येतं. सूर्य नाही, नुसतं आभाळ. असा मऊ उजेड मी स्टुडिओत दोन छत्र्या लावूनही आणू शकत नाही. तुम्ही पंचवीस फुटांवर उभ्या राहिलात तरी सावलीतच असाल, लेन्सवर ऊन येणार नाही. फक्त ओट्यावर लाल-निळी ताडपत्री किंवा कापडी मांडव असेल तर तासभर आधी उतरवून घ्या. गुलाबी चेहऱ्यांचं कारण तेच होतं. त्या कापडातून गाळून आलेला उजेड तोच रंग घेऊन येतो, आणि नंतर कॉम्प्युटरवर चेहरा सुधारला की साड्यांचे रंग बिघडतात.

टोपीच्या आणि पदराच्या सावलीला माझा जुना उपाय आहे. फोटोच्या चौकटीबाहेर, पुढच्या रांगेसमोर, जमिनीवर एक पांढरी चादर किंवा धुतलेलं धोतर पसरून ठेवा. आभाळाचा उजेड त्यावर पडतो आणि खालून वर चेहऱ्यावर जातो. डोळ्याखालचा काळेपणा निघून जातो. कोणाच्या डोक्यावरचा पदर मागे सरकवायला सांगावं लागत नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पंचवीस फुटांवर पोचत नाही, तो बंदच ठेवा. आणि पांढरी टोपी, पांढरं धोतर, चुन्याची भिंत एकत्र आली की कॅमेरा फसतो, त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि सगळ्यांचे चेहरे काळवंडवतो. एक फोटो काढून चेहरे बघा, काळे वाटले तर एक्सपोजर थोडं वर न्या.

एवढं केलं की फोटो चांगला येईल. पण मला सांगायचं आहे ते पुढचं.

सात-आठ वर्षांपूर्वी गिरणाकाठच्या एका गावात जावळाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. शेवटी घरच्यांनी सगळ्यांचा एक फोटो मागितला. ३१ माणसं. उजेड चांगला, सगळ्यांचे डोळे उघडे, मला स्वतःला तो फोटो फार आवडला होता, दुकानात लावला होता. वर्षाने त्या घरचे दोघे भाऊ आले. वडील गेले होते, गंधमुक्तीला (मृत्यूनंतरच्या विधीला) ठेवायला फोटो हवा होता. त्यांच्याकडे वडिलांचा दुसरा एकही फोटो नव्हता. म्हणाले, तुम्ही काढला होता ना त्यातून करा. मी फाइल उघडली, बाबांच्या चेहऱ्यावर गेलो आणि मोठा करत गेलो. चेहऱ्याचे चौकोन चौकोन व्हायला लागले. रात्री दोनपर्यंत बसून जेवढं करता येईल तेवढं केलं. सकाळी त्यांनी फोटो घेतला, बराच वेळ पाहिला, काहीच बोलले नाहीत, पैसे दिले आणि गेले. त्या दिवशी मला कळलं की बाबा माझ्यासमोर खुर्चीवर बसलेले होते, उजेड होता, कॅमेरा हातात होता, आणि अजून एक मिनिट लागलं असतं.

हिशोब बघा. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे आडवे ६००० पिक्सेल. २३ माणसं तीन रांगांत बसवून कडेला थोडी जागा ठेवली की फोटोत सहा मीटर रुंदी येते. म्हणजे एका मीटरला १००० पिक्सेल. माणसाचा चेहरा रुंदीला १५ सेंटिमीटर धरा, त्याच्या वाट्याला १५० पिक्सेल आले. चांगल्या प्रिंटला एका इंचाला ३०० लागतात. मायचा चेहरा त्या फोटोतून साफ निघेल तो अर्ध्या इंचाचा. तुमच्या आजोबांच्या फोटोचं जे झालं आहे तेच परत होईल, कॅमेरा कितीही नवीन असला तरी.

म्हणून मी आता काय करतो ते सांगतो. सगळ्यांचा फोटो झाला की "झालं" असं म्हणत नाही. मधली खुर्ची तिथेच ठेवतो, उजेड तोच असतो, माणसं नटलेली असतात. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला म्हणतो, उठू नका, तुमचा एकट्याचा एक घेतो. मग त्याच खुर्चीवर एकेक करून साठीच्या पुढचे सगळे. एका माणसाला एक मिनिट. इथे तुमची ५० ची लेन्स लावा, कॅमेरा उभा धरा, आठ फुटांवरून, एफ ४ वर, फोकस जवळच्या डोळ्यावर. चेहऱ्याला ८०० पिक्सेल मिळतात, आठ बाय बारा इंचांचा प्रिंट मोकळेपणाने निघतो. मागे भिंत साधी असू द्या, कॅलेंडर काढून ठेवा. खुर्ची भिंतीपासून चार-पाच फूट पुढे ओढली तर भिंत आपोआप मऊ होते. पांढरी चादर पायाशी असू द्या, इथे ती जास्त कामाला येते.

मायला हसा म्हणू नका. त्या पिढीने फोटो फार थोडे काढले आणि प्रत्येक वेळी त्यांना कोणीतरी सांगितलं की हलू नका, ताठ बसा. कॅमेरा दिसला की त्या अजून तसंच करतात. त्यांच्या बाजूला त्यांची आवडती लेक बसवा, चौकटीबाहेर, आणि तिला माहेरचं काहीतरी विचारायला सांगा. तुम्ही मध्ये बोलू नका. कॅमेरा आधीच डोळ्याला लावून ठेवा, कारण त्या विसरतील तो क्षण फार लहान असतो.

शहाद्याची सून

स्टुडिओवाले दादांनी सगळं सांगितलं, माझं फक्त बायकांबद्दल.

माझ्या सासरी मोठा गोतावळा आहे. लग्नाला चौदा वर्षं झाली, कार्यक्रमाचे शंभर फोटो असतील, त्यात मी आणि माझ्या दोघी जावा मोजून पाच-सहा फोटोत आहोत. कारण फोटोची हाक येते तेव्हा आम्ही चुलीपाशी असतो. कोणी मुद्दाम करत नाही. "तुम्ही घ्या, आम्ही येतोच" असं आम्हीच म्हणतो आणि तोपर्यंत फोटो होऊन जातो. आखाजीला तर पुरणपोळ्या, आमरस, कुरडया, आगारी टाकायची (पितरांचा घास विस्तवावर), घागर भरायची, दुपारी दोनपर्यंत घरातल्या सुनांना मान वर करायला वेळ नसतो. तेव्हा तुझी आई आणि काकू यांना आदल्या दिवशीच सांगून ठेव की साडेपाचला गॅस बंद, चहा फोटोनंतर. आणि त्यांना साडी बदलायला पाऊण तास आधी मोकळं कर, तू स्वतः जाऊन भांडी घास वाटलं तर. घामेजलेल्या साडीत कोणाला फोटोत यावंसं वाटत नाही, मग त्या मागे जाऊन उभ्या राहतात आणि जेठांच्या खांद्याआड लपतात.

बसवताना मानपान येतोच. मधे माय, तिच्या दोन बाजूंना जावई बसवायची पद्धत असेल तर बसवा, पण एक फोटो असाही काढ ज्यात मायच्या दोन बाजूंना तिच्या चारही लेकी आहेत. आखाजी त्यांचीच आहे. आणि एक फोटो फक्त सुनांचा माय बरोबर.

आणि तू स्वतः? तुझे २३ तुला धरून आहेत की सोडून? कॅमेरा स्टँडवर लाव. दहा सेकंदांचा टायमर असतो, आणि तुझ्या कॅमेऱ्यात टायमरनंतर सलग अनेक फोटो घ्यायचीही सोय आहे, ती लावून पळत जाऊन बस. जागा आधीच राखून ठेव, पहिल्या रांगेच्या कडेला, म्हणजे कोणाला ओलांडावं लागणार नाही.

बोरीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. शहाद्याच्या ताई, २३ मला सोडून होते. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता २४.

स्टुडिओवाले दादा, तुमचं खुर्चीचं वाचून मी आजोबांचा तो फोटो परत काढून पाहिला. आखाजी झाली की इथे येऊन सांगते.

बोरीकाठची

आखाजी झाली. जसं झालं तसं सांगते.

रविवारी आधी गावी जाऊन आले, चाळीसगावच्या दादांनी सांगितलं होतं तसं आप्पांना ओट्यापुढे बसवून दर तासाला पाहिलं. चारला त्यांच्या डोळ्यांच्या जागी नुसती काळी खाच होती. पाचला एक गाल उजेडात आणि एक नाही. साडेपाचला सावली अंगणभर पसरली आणि आप्पांचा चेहरा एकदम सगळा दिसायला लागला, कपाळावरच्या आठ्यांपासून दाढीच्या खुंटांपर्यंत. मी त्यांना एवढी वर्षं बघते, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

आखाजीच्या दिवशी सगळ्यांना बसवायला पावणेसहा झाले. नानांना निंबाखालीच हवा होता, त्यांची समजूत घालण्यात दहा मिनिटं गेली, शेवटी आप्पांनी "ती सांगस तठे बठा" म्हटलं तेव्हा बसले. पुढे सतरंजीवर पोरं, मधे खुर्च्या, मागे उभे. चादर पसरली तर लहान्या भाच्याला त्यावर लोळायचं होतं, त्याला दोनदा उचललं. टायमरवर मी स्वतः धरून सगळ्यांचे २६ फोटो काढले. त्यातल्या एकाच फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे आहेत. एकच, पण आहे. मागची रांगही साफ आली, सुरतच्या काकूंच्या कानातले डूल मोजता येतात.

मग मी खुर्ची तशीच ठेवली आणि मायला म्हटलं, उठू नको. तिला लगेच कळलं. म्हणाली, "एकलीना कसाले? मी काय मराले टेकनू का?" सगळे गप्प झाले. मला काय बोलावं सुचेना, हातात लेन्स बदलायची तशीच राहिली. तेव्हा धाकटी फुई खाली तिच्या पायाशी येऊन बसली आणि म्हणाली, माय, तू लग्न होऊन आली त्या वर्षी झोका कोणत्या झाडाला होता? हाच निंब होता का? माय म्हणाली, हा निंब तेव्हा नव्हताच. मग तिने हात लांब करून दाखवलं, तिथे विहिरीजवळ चिंच होती, तिची फांदी कशी मोडली, कोण पडलं, तिच्या सासूने काय म्हटलं. पदर जरा मागे गेला. हातावरचं गोंदण दिसायला लागलं, ते ती नेहमी बाहीखाली ठेवते. विंचू आहे, आणि त्याखाली ठिपके. मी आठ फुटांवरून घेत होते. सांगता सांगता ती थांबली आणि विहिरीकडे बघत राहिली. तो फोटो मिळाला आहे. डोळे पूर्ण दिसतात, पापण्यासुद्धा. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची पांढुरकी झाक आहे, तीही दिसते. मी ती काढून टाकणार नाही.

तिच्यानंतर मग कोणीच नाही म्हटलं नाही. आप्पा बसले, नाना बसले, चारही फुया, तिघे फुवा (फुयांचे यजमान), मोठी काकू. साडेसहाला उजेड कमी झाला तोपर्यंत दहा जणांचे झाले. मोठे फुवा शेवटी राहिले, त्यांचे हललेले आले आहेत. ते आता पुन्हा कानबाईला (श्रावणातल्या आमच्या सणाला) येतील तेव्हा काढीन.

आईचा आणि काकूंचा माय बरोबरचा फोटोही झाला. आई त्यात जरा ताठ बसली आहे, पण आहे.

आता प्रिंट काढायची आहे. जळगावात एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले आठ बाय दहाचा साइज सगळ्यात जास्त चालतो, तोच घ्या. तो घेऊ का?

पारोळ्याचा स्टुडिओवाला

ताई, मायचा फोटो ऐकूनच डोळ्यासमोर आला. गोंदण दिसतं आहे हे फार चांगलं झालं.

आठ बाय दहा घेऊ नका. तुमच्या कॅमेऱ्याची चौकट तीन-दोनच्या प्रमाणात असते, म्हणजे बारा इंच लांबीला आठ इंच. दहा इंचात बसवायचं तर दुकानदार दोन्ही बाजूंनी एकेक इंच कापतो, आणि कडेला उभी असलेली माणसं त्यात जातात. तुम्ही स्वतः पहिल्या रांगेच्या कडेला बसल्या आहात ना? तुमचाच खांदा जाईल. एकट्यांचे आठ बाय बारा सांगा. सगळ्यांचा बारा बाय अठरा सांगा, चेहरे तेवढे मोठे होतात आणि प्रमाण तेच राहतं. कागद मॅट घ्या, काचेआड चकाकत नाही.

आणि कार्ड रिकामं करण्याआधी सगळ्या फाइल दोन ठिकाणी ठेवा, एक जळगावला तुमच्याकडे, एक पुण्याच्या काकांकडे. मोठ्या फुव्यांसाठी कानबाईची वाट बघू नका. त्यांचं गाव जवळ असेल तर एखाद्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला जाऊन या.